वडिलांची भजनं एसएसडीवर टाकून कपाटात ठेवू का?

मिरजेच्या एका शिक्षकांचा प्रश्न आला आहे. लॅपटॉप २०१८ सालचा, आठव्या पिढीच्या आय-थ्रीचा, आत १ टीबीची हार्डडिस्क. बटण दाबून चहा टाकावा, तर चहा पिऊन झाला तरी तो तयार नसतो. दुकानदार म्हणतो, एसएसडी टाका, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. घरात एक आठ-नऊ वर्षांची बाह्य हार्डडिस्कही आहे. तिच्यावर घरचे फोटो आणि वारलेल्या वडिलांच्या भजनांची रेकॉर्डिंग आहेत. ती हल्ली मधेच अडकते. तर हे सगळं एका नव्या एसएसडीवर घालून कपाटात ठेवलं की वीस वर्षं बघायला नको, बरोबर ना? आत फिरणारं काही नाही, म्हणजे बिघडणारंही काही नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दोन हजारांच्या आत दिसते आहे, तीच घेऊ का?

सर, सांगलीत संगणक दुरुस्तीत मला तेवीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी उडालेल्या डिस्कमधून डेटा काढण्यात गेली. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमचं बोट बहुधा आत्ता त्या खरेदीच्या बटणावर असेल.

काढून घ्या ते बोट. अशा डब्या मी बऱ्याच उघडल्या आहेत. आत मोबाइलमध्ये घालतो तसलं एक मेमरी कार्ड असतं, एका नखाएवढ्या सर्किटात खोचलेलं, आणि हाताला वजन लागावं म्हणून कधीकधी लोखंडाची पट्टी चिकटवलेली असते. त्या सर्किटला एकच खोटं पढवलेलं असतं: संगणकाने जागा किती विचारली की १६ टीबी सांगायचं. खरी जागा असते ३२ किंवा ६४ जीबी. तेवढी भरेपर्यंत सगळं झकास चालतं. पुढे जे लिहाल ते एकतर हवेत जातं किंवा आधीच्याच फायलींवर चढतं. नावं दिसत राहतात, आकार दिसतो, उघडायला गेलं की आत काही नाही. एका फोटोग्राफरने अशा डबीवर लग्नाचा अख्खा सीझन टाकला आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरायला घेतली. माझ्याकडे आला तेव्हा पहिली दीड लग्नं तेवढी शाबूत होती. बाकीची कुठून काढणार? ती कधी लिहिलीच गेली नव्हती.

ताडून बघायला एक आकडा लक्षात ठेवा. तळहातावर मावणाऱ्या, अडीच इंची फिरत्या हार्डडिस्कची आजवरची सर्वांत मोठी क्षमता ६ टीबी आहे, आणि तीही २०२४ साली आली. त्याआधी कित्येक वर्षं ५ टीबीवर गाडी अडली होती. १६ टीबीची खरी हार्डडिस्क असते, पण ती साडेतीन इंची, विटेसारखी जड, आणि तिची किंमत बघून तुम्ही पान बंद कराल. घरात आधीच अशी एखादी संशयास्पद डबी किंवा पेनड्राइव्ह असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन मिळतं; लिनक्स आणि मॅकवर एफ-थ्री. ते सगळी जागा भरून लिहितं आणि परत वाचून पडताळतं. रात्रभर लागली तरी लागू द्या. नवीन घेतलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवर मी हे आधी चालवतो, ओळखीच्या दुकानातून घेतला असला तरी.

(आणि खऱ्या १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवतं, ती मात्र फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. आठवड्यातून एक तरी माणूस यावरून भांडायला येतो.)

लॅपटॉपचं उत्तर छोटं आहे: टाका एसएसडी. तुमच्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची आहे. म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय हेड त्या मार्गावर सरकायला वेळ. असं करत सेकंदाला साठ-सत्तर विखुरलेल्या जागा वाचल्या तरी तिने पराक्रम केला. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली मागतं. तुमचा चहा थंड होतो तो इथे. एसएसडीला फिरायचंही नसतं आणि सरकायचंही नसतं.

दुकानदार आता तुम्हाला आकडे ऐकवेल. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमई या नव्या जोडणीची तिसऱ्या पिढीची ३,५००, चौथीची ७,०००, पाचवीची १४,००० पर्यंत. तुमच्या कामाला, म्हणजे मार्कलिस्ट, प्रश्नपत्रिका, ब्राउझर यांना, पहिल्या पायरीनंतरचा फरक डोळ्यांना दिसणार नाही. खरी अडचण वेगळीच असते. लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी एसएसडी बसवायची एम-डॉट-टू नावाची खाच आहे म्हणून लोक एनव्हीएमई घेऊन येतात आणि नेमकी ती खाच फक्त साटा जातीची निघते. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब; कडेचे काप तेवढे वेगळे. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत हा घोळ आहे. मॉडेल नंबर बघून खात्री करा, नाहीतर सरळ अडीच इंची साटा घ्या आणि हार्डडिस्कच्या जागी बसवा. ५०० जीबी तुम्हाला पुरेल.

तीन गोष्टी मात्र त्याच वेळी बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या उंबरठ्याच्या नेमका आत. तेव्हा नवी एसएसडी टाकतानाच ११ टाकून घ्या. दुसरं, विंडोज ११ ची २४-एच-२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात, की ती बहुतेक लॅपटॉपांवर न विचारता डिस्क कुलूपबंद करते. चोरीच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण उद्या मदरबोर्ड गेला आणि तुमच्याकडे ४८ आकडी रिकव्हरी की नसली, तर माझ्यासारखा माणूस डिस्क हातात घेऊन नुसता बघत बसतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. शोधून कागदावर लिहा आणि कागद शाळेच्या दाखल्यांच्या फायलीत ठेवा. तिसरं, काढलेली जुनी हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिला फॉरमॅट मारायची घाईही नको. दोन-तीन महिने तशीच ठेवा. 'अरे, ते फोल्डर राहिलं' हे तिसऱ्या आठवड्यात आठवतं.

भावाबद्दल थोडं. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महाग होत गेल्या, हे तुम्हाला दुकानात कळलंच असेल. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की चिप बनवणारे कारखाने तिकडे वळले. मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशियल या नावाने ग्राहकांना माल विकणं ते बंद करणार. ज्यांच्याकडे क्रुशियलची डिस्क आहे ते घाबरून फोन करत होते. असलेली डिस्क त्यामुळे खराब होत नाही, वॉरंटीही कंपनी पाळणार आहे. असे फेरे मी आधीही पाहिलेत. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला आणि इथे हार्डडिस्कचे भाव कडाडले. २०२१ साली चिया नावाच्या आभासी नाण्यासाठी लोकांनी डिस्कचे ढीग विकत घेतले आणि मोठ्या डिस्क मिळेनात.

भाव चढले की बाजारात जुना माल नवा होऊन येतो, त्याची जास्त काळजी करा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघड झालं की सीगेट या कंपनीच्या हजारो तास चाललेल्या मोठ्या डिस्क कोऱ्या म्हणून विकल्या जात होत्या. विकणाऱ्यांनी त्यांच्या नेहमीच्या नोंदी पुसून चालू तास शून्यावर आणले होते. चोरी पकडली गेली ती डिस्कच्या आतल्या दुसऱ्या, खोलवरच्या नोंदवहीमुळे. तिला फार्म म्हणतात, आणि ती पुसायची राहिली होती. आपल्याकडेही सीसीटीव्हीवाल्यांकडून निघालेल्या डिस्क नव्या स्टिकरखाली फिरतात. पुण्यात तपकीर गल्लीत घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, घरी आल्यावर पहिल्यांदा चालू तास बघायचे (पुढे सांगितलेल्या क्रिस्टलडिस्कइन्फोत ते दिसतात). नव्या डिस्कवर ते शून्य-दोन असतात. आणि कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघायचं. बिल जीएसटीचं घ्या. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलात की दुकानदाराची स्मरणशक्ती जाते.

आता खरा प्रश्न. कपाट.

एसएसडीत फिरणारं काही नाही हे खरं. पण त्यात माहिती कशाच्या रूपात असते? विजेच्या. एकेका कप्प्यात थोडे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि किती कोंडलेत त्यावरून आकडा ओळखला जातो. ही कल्पना १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांची. कप्प्याला अवरोधकाची भिंत असते, पण ती मातीच्या माठासारखी: दिसायला बंद, तरी हळूहळू पाझरणारी. उन्हाळ्यात जास्त पाझरणारी. आणि प्रत्येक वेळी पुसून नव्याने लिहिताना ती भिंत थोडी झिजते, मग आणखी पाझरते.

सुरुवातीला एका कप्प्यात एकच बिट ठेवत. पेला भरलेला की रिकामा, एवढंच ओळखायचं. थोडं पाणी आटलं तरी चुकायचं नाही. माल स्वस्त करायला मग एका कप्प्यात दोन, तीन आणि आता चार बिट कोंबतात. तीन बिटवाल्याला टीएलसी म्हणतात, त्यात पेल्यावर आठ खुणा. चार बिटवाल्याला क्यूएलसी, त्यात सोळा. सोळा खुणांच्या पेल्यात चार थेंब आटले की अकराचा दहा वाचला जातो. चुका दुरुस्त करणारं गणित आत असतं म्हणून लगेच काही बिघडत नाही, पण त्या गणितालाही मर्यादा आहे. डिस्कला वीज मिळत असते तोवर आतला कंट्रोलर, म्हणजे सगळा कारभार बघणारी चिप, डोळा ठेवतो आणि कमकुवत झालेली माहिती उचलून नव्या कप्प्यात नेऊन ठेवतो. कपाटात तिला कोणी बघत नाही.

जेडेक ही चिप उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, नेमून दिलेलं सगळं लेखन होऊन झिजल्यावरही, ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीला तर ४० अंशाला तीन महिनेच. हे वाचून काही लोक 'एसएसडी वर्षात पुसली जाते' अशी हाकाटी करतात, ते चूक. ही अट झिजून गेलेल्या डिस्कची आहे. कोरी, थोडीच लिहिलेली डिस्क पुष्कळ जास्त काळ धरते. पण वीस वर्षांची हमी कोणी देत नाही, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतलं कपाट एप्रिल-मेमध्ये ३० अंशावर राहत नाही. तेव्हा वडिलांची भजनं एकाच एसएसडीत घालून कपाट लावून घ्यायला मी तुम्हाला देणार नाही.

गंमत म्हणजे लोक जिला घाबरतात त्या झिजण्याची चिंता रोजच्या वापरात करायचं कारण नाही. चांगल्या १ टीबी टीएलसी एसएसडीवर साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ३० जीबी लिहिलेत, आणि तुम्ही एवढं लिहीत नाही, तरी वर्षाला ११ टीबी होतात. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. एसएसडी झिजून मेलेली माझ्या टेबलावर क्वचित येते. येते ती अचानक गेलेली: काल चालत होती, आज डिटेक्टच होत नाही. आवाज नाही, अडखळणं नाही. कंट्रोलर जातो किंवा त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बिघडतं, आणि कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे हा नकाशाच हरवतो. बऱ्याच एसएसडी आत सगळं कूटबद्ध करूनच लिहितात, त्यामुळे चिपा उपटून वाचल्या तरी हाती पिठासारखा चुरा येतो. हार्डडिस्कचं तसं नाही. ती कुरकुरते, अडकते, खरखरते, महिनाभर आजारी असल्याचं सांगते. गेल्यावरही तबकड्यांवर माहिती असते आणि दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून ती पुष्कळदा वाचता येते. खर्च येतो, पण येते.

फर्मवेअर काय करू शकतं याचा सर्वांत विलक्षण नमुना २०१९ साली दिसला. एचपी एंटरप्राइझने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील. फर्मवेअर बदलून घ्या. हा आकडा दोनचा पंधरावा घात. तास मोजायचा कप्पा तेवढाच ठेवला होता, तो भरून उलटला की डिस्क संपली. हिशेब केला तर ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. आता कल्पना करा, कोणी एकाच दिवशी दोन डिस्क घेऊन, एकीवर दुसरीची नक्कल ठेवून निर्धास्त बसला आहे. दोन्ही एकाच तासाला जाणार. म्हणून नकला वेगवेगळ्या कंपनीच्या, शक्यतो वेगळ्या जातीच्या डिस्कवर ठेवायला सांगतो.

उलट बाजूची अफवाही सांगून टाकतो, कारण ती तुमच्याही शाळेच्या ग्रुपवर आली असणार. ऑगस्ट २०२५ मध्ये 'विंडोज ११ च्या अपडेटमुळे एसएसडी मरतात' असा गलका झाला. फायसन या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या केल्या, त्यांना तसं काही करून दाखवता आलं नाही. मायक्रोसॉफ्टलाही संबंध सापडला नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन मेलेल्या एसएसडी आल्या, तिघेही अपडेटला शिव्या देत. त्यातल्या दोघांचा लॅपटॉप महिन्याभरात अपडेटच झालेला नव्हता.

मग कपाटात ठेवायचं काय? फिरती हार्डडिस्क. २ टीबीची साधी बाह्य डिस्क, ओळखीच्या कंपनीची. चुंबकीय खुणा विजेविना वर्षानुवर्षं राहतात. तिचा शत्रू वेगळा: पडणं, दमटपणा आणि कुजून पडून राहणं. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस हजारो पटींनी जाड. चालू डिस्क टेबलावरून घसरली तर त्या फटीचं काय होतं ते सांगायला नको. कोकणातले नातेवाईक डिस्क आणतात तेव्हा मी आधी सर्किट उघडून संपर्काच्या पट्ट्या बघतो. पावसाळ्यात त्यांवर काळपट थर धरतो, आणि कधीकधी पेन्सिलच्या खोडरबराने पुसल्यावर डिस्क चालू होते. तुमच्या डिस्कसोबत हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. वर्षातून दोनदा, समजा गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, ती जोडून तासभर फिरवा आणि चार फायली उघडून बघा. फक्त जोडून काढू नका. फायली खरंच उघडा. एसएसडीवर नक्कल असेल तर तीही तेव्हाच जोडा, आणि ती रात्रभर चालू ठेवून सगळं एकदा वाचून काढा. दोन-चार वर्षांनी नव्याने लिहून काढलं तर आणखी बरं.

पण एक डिस्क म्हणजे शून्य डिस्क. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने हे तीन-दोन-एक असं बांधून दिलं: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यातलं घराबाहेर हे आम्हाला सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ ने शिकवलं. कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा शहरात किती कपाटं बुडाली, आणि त्या कपाटांत मूळ डिस्क आणि तिची नक्कल एकाच खणात शेजारी शेजारी होती. महिनाभर माझ्या दुकानात चिखलाचा वास होता. त्यात माझी एक चूक आजही टोचते. एका व्यापाऱ्याची डिस्क मी नीट पुसली, दोन दिवस पंख्याखाली वाळवली आणि जोडून बघितली. आत शिरलेला गाळ वाळून तबकडीवर चिकटला होता, हेडने तो खरवडत नेला. वाळवायलाच नको होती. पुरात भिजलेली डिस्क चालू करायची नाही, उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर नाही, तांदळाच्या डब्यात तर मुळीच नाही. ओली असेल तशीच ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीचं तोंड घट्ट बांधून, धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायची.

तुमची घराबाहेरची प्रत सोपी आहे. भजनं एमपी-थ्रीत, १२८ च्या दर्जाने असतील तर एका तासाला साठ एमबीपेक्षा कमी लागतात. शंभर तास असले तरी सहा जीबी. गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट असतात, त्यात ती मावतात. फक्त दोन पथ्यं: फोनमधून किंवा संगणकातून आपोआप जुळणारं फोल्डर ही नक्कल धरू नका, कारण इकडे पुसलं की तिकडेही पुसतं, आणि दोन वर्षं त्या खात्याकडे फिरकला नाहीत तर गुगल खातंच काढून टाकू शकतं. फोटो मोठे असतील, त्यांची एक हार्डडिस्क बहिणीकडे, भावाकडे, गावाला ठेवा. डीव्हीडी-ब्ल्यू-रेचा विचार डोक्यात असेल तर सोडा. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे बनवणंच थांबवलं आणि उद्या वाचायला यंत्र मिळेल का हाच प्रश्न आहे.

राहिली ती अडकणारी जुनी डिस्क. खरं तर हेच आधी करायचं आहे, पण वरचं समजल्याशिवाय तुम्ही घाईत भलतंच केलं असतंत. आधी केबल बदला. बाह्य डिस्कची ती चपटी, रुंद तोंडाची केबल फार लवकर सैल होते आणि डिस्क मरते आहे असं भासवते. लॅपटॉपला थेट जोडा, हबमधून नको. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन उघडा. लांबलचक यादी दिसेल, त्यातल्या तीनच ओळी बघा: ०५, सी-५ आणि सी-६. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, सी-५ म्हणजे वाचता न आल्याने टांगणीवर असलेल्या, सी-६ म्हणजे वाचायचा नाद सोडलेल्या. आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, सेटिंगमध्ये दहावर आणता येतात. शून्य मात्र दोन्हीकडे शून्यच. सी-७ वाढलेला दिसला तर तो बहुतेक केबलचा दोष. आणि वर निळ्या रंगात 'गुड' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. गुगलने २००७ मध्ये आपल्या लाखभर हार्डडिस्कचा अभ्यास छापला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी या नोंदींत आधी काहीही दाखवलेलं नव्हतं.

आकडे वाईट असतील तर काही गोष्टी अजिबात करू नका. विंडोज 'आधी फॉरमॅट करा' म्हणेल; रद्द करा. कोणी 'चेकडिस्क मार' सांगेल. मारू नका, ते आजारी डिस्कला पळायला लावतं आणि वर तिच्यावरच लिहितं. टिक-टिक असा ठोक्याचा आवाज येत असेल तर हेड आपली जागा शोधून थकून परत येतंय. त्या क्षणी केबल काढा, पुन्हा एकदा बघू म्हणून जोडू नका. फ्रिजमध्ये ठेवायचा जुना उपाय ऐकला असेल, तो आत पाणी धरवतो. डबी फोडून आतली डिस्क थेट जोडायचा मोहही टाळा. हल्लीच्या बऱ्याच बाह्य डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट सर्किटवर असतं, आत साटा नसतोच. काही जुन्या डब्यांतली चिप सगळं कूटबद्ध करून लिहिते, तिच्याशिवाय डिस्क वाचली तर अर्थ लागत नाही. सी-५ थोडासाच वाढलेला असेल तर आम्ही लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावतो. ते आधी सहज वाचतं तेवढं उचलतं, खराब भाग शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं म्हणून मधे थांबवता येतं. तुम्हाला करायला मी सांगणार नाही. एका ठिकाणी चुकून मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली की रिकाम्या डिस्कची नक्कल भजनांवर चढते.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. नवीन केबलने डिस्क जोडा आणि सी-५ ची ओळ बघा. शून्य असेल तर भजनांचं फोल्डर आधी उचला, फोटो नंतर. एकदम सगळं ओढू नका, वर्षावर्षाची फोल्डरं घ्या, मधे डिस्क हाताला गरम लागली तर थांबा. शून्य नसेल तर केबल काढा, डिस्क रुमालात गुंडाळा आणि घेऊन या. मिरजेहून सांगली काय लांब आहे. फक्त दुचाकीच्या डिकीत टाकू नका, मांडीवर घेऊन बसा.